शेंदराखालची बाई

आमी नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजी टेकडीवरच्या मूळपुरुषाला शेंदूर लावणं. दरसालचंच काम. मी तेलात शेंदूर कालवत होतो, ती दगड पुसत होती.

मूळपुरुष म्हंजी आमच्या भावकीतला पहिला माणूस. या माळावर कुणी न्हवतं तवा तो गोदेकाठच्या गंगथडीहून मेंढरं घेऊन चढला आन् पाणी बघून राहिला. पणज्याच्या बापापर्यंत नावं मला येतात. त्याच्या मागं नुसता मूळपुरुष. उन्हाळाभर मी लिंबागणेशच्या, घाटनांदूरच्या पाव्हण्यांना विचारत हिंडलो. नाव कुणालाच ठावं न्हाई. घोड्यावर आला, हातात भाला होता, एवढंच समदे सांगायचे.

पुसता पुसता शेंदराची खोळ हलली. पिढ्यांचा थर, वीतभर जाड. सबंध निखळून तिच्या पदरात पडली. वारा एकदम पडला. खाली मेंढरं चरायची थांबली.

आत घोडा न्हवता, भालाही न्हवता. बाई होती. कडेवर लेकरू, हातात काठी, पायाशी मेंढी.

मी हात मागं घेतला. ती हसली. "अवो, फेटा नीट करा. सासूबाईपुढं बसलाव तुमी."

"गप बस. खोळ पडणं चांगलं न्हाई. कुणाला तरी घेऊन जाती."

"न्हेईना. पण हिची ओटी कुणी भरली न्हाई बघा. समदे बाप्या समजून नारळ फोडून गेले." तिचं हसू गेलं. "उद्या चूल पेटायच्या आधी मी भरणार."

"भावकी काय म्हणल?"

"म्हणू द्या."

उतरताना ती दोनदा छातीला हात लावून थांबली. चढ न्हवता, उतार होता.

घरी येऊन तिनं सुपात हिरवा खण, गहू, नारळ, बांगड्या काढल्या. सूप देवापाशी ठेवलं.

सकाळी ती चहाला उठली न्हाई. मी हाक मारली. मग हात लावला. अंग गार होतं.

भावकीतल्या बाया जमल्या. सवाशीण गेली, ओटी भरून वाटंला लावायची. धाकट्या भावाच्या बायकोनं सूप उचललं. "बघा, बाईनं सोताच काढून ठेवलंय. कळलं व्हतं तिला."

"ठेव खाली," मी म्हणलो. "ते तिचं न्हाई."

"दादा, येडे झालाव का? रिकामी लावायची काय तिला?"

"पेटीत तिचा लग्नातला खण हाय. तो काढ. आन् मी येईस्तोवर तिला हात लावू नका."

चूल गारच होती. सूप घेऊन मी एकटा टेकडीवर गेलो. बाप्यानं ओटी भरायची रीत न्हाई, मला येतबी न्हवती. दगडापुढं खण पसरला, ओंजळीनं गहू घातले, वर नारळ ठेवला. बांगड्या दगडाच्या हातात चढंनात. लेकराच्या पायाशी ठेवल्या.

मग खाली आलो आन् बायांना म्हणलो, आता हिची भरा.