थोरल्याचा मान

घरात माणूस आणताना विचारायची पद्धत आहे, जनावर आणताना नाही काय? मुलगा एका रविवारी पुठ्ठ्याचा खोका घेऊन आला, पिंजऱ्यापुढे बसला आणि खोक्यातनं पाच महिन्यांचा नर गिनीपिग काढून सरळ आत सोडला. म्हणे, "बाबा, आपला थोरला एकटा पडलाय. त्याला सोबत आणली."

एकटा? चार वर्षं हा गिनीपिग माझ्याकडे. नातीने हट्ट करून आणला, नात शिकायला पुण्याला गेली, दिवसभर घरात राहिलो तो आणि मी. सकाळी मी पेपर वाचायचो, तो कोथिंबीर खायचा. दुपारी मी आडवा व्हायचो, तोही व्हायचा. चाळीखाली मिरची कांडायला लागले की दोघं मिळून शिंकायचो. एकटा कुठे होता? पण मला विचारतो कोण.

धाकट्याने सुरुवातीला गरीब गाईचं सोंग घेतलं. थोरल्याच्या मागे मागे फिरायचा, त्याच्या अंगाला चिकटून झोपायचा. दोन महिन्यांत मेला अंगाने भरला आणि सुरू झाली नाटकं. बुलेटला किक मारल्यासारखा घुर्र घुर्र करायचा आणि ढुंगण डुलवत थोरल्याभोवती फेऱ्या मारायचा. दात कडकडवायचा, त्याच्या अंगावर चढायचा. आणि आमचा थोरला काय करायचा? बाजूला व्हायचा! वाटीत कोथिंबीर पडली की धाकटा पुढे, हा मागे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. काल आलेलं पोर वाटीवर, आणि ज्याचा पिंजरा तो कोपऱ्यात?

सून परळला ऑफिसात जाते. तिने फोनवर कुठे कुठे वाचून काढलं. म्हणाली, "बाबा, दोन नर एकत्र ठेवले की हे होतंच. वरचढ कोण ते त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं. रक्त निघत नाही तोवर मध्ये पडायचं नाही."

"तुझ्या त्या फोनला विचार, त्याच्या घरी म्हाताऱ्यांना असंच वागवतात काय."

"अहो बाबा, ते गिनीपिग आहेत."

"असू देत. या घरात आधी थोरला जेवतो."

खोटं नाही बोललो. माझ्या वडिलांचं ताट वाढल्याशिवाय आमच्या खोलीत कुणाला भाताचं शीत मिळालेलं नाही. लालबागच्या कुठल्याही चाळीत जाऊन विचारा.

मग मी रोजचा नेमच धरला. सकाळी धाकट्याला एका हाताने जाळीशी दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने थोरल्याला उचलून वाटीपुढे बसवायचं, आणि त्याचं पोट भरेपर्यंत हात काढायचा नाही. धाकटा धडपडायचा, चिरकायचा. मी म्हणायचो, "शिरा पडली तुझ्या तोंडार, थांब म्हणतो ना!" थोरला घाईघाईने दोन काड्या चावायचा आणि माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, बघा, मान मिळाला की कसा बघतो.

माझी पाठ वळली की धाकटा त्याच्यावर धावून जायचा. आधी नुसती घुरघुर होती, आता पाठीवरचे केस उपटायला लागला. सून म्हणाली, "बाबा, वाढतंय हे." मी म्हटलं, वाढणारच, लाडावून ठेवलाय तुम्ही त्याला. आणि थोरल्याला मी स्वतः घर बांधून दिलं. पस्तीस वर्षं बसच्या वर्कशॉपात फिटर होतो, हात अजून शाबूत आहे. चांगलं प्लाय आणलं, कोपरे घासून गोल केले, आत वाळलेलं गवत पसरलं, थोरल्याच्या मापाचं एक दार कापलं. त्याला आत बसवून सांगितलं, हे तुझं. इथे कुणाच्या बापाची हिंमत नाही शिरायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि सून कामावर गेले होते. थोरल्याला नेहमीसारखं आधी खायला घालून मी मोरीपाशी दाढी करायला उभा राहिलो. एवढ्यात जी किंकाळी आली, तशी मी चार वर्षांत ऐकली नव्हती. जाऊन बघतो तर थोरला त्या घरात, धाकटा त्याच्यामागून आत शिरलेला, आणि प्लायचं खोकं नुसतं थडथडत होतं. आवशीचो घो! दारातून हात घातला तर कुणी तरी बोटात दात रुतवले. शेवटी खोकंच उलटं केलं. थोरल्याचा डावा डोळा रक्ताने भरला होता.

गालाला साबण तसाच ठेवून टॅक्सी केली आणि दादरला प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीण माझ्या मुलाहून लहान. तिने डोळा धुतला, औषध घातलं आणि म्हणाली, "जीव वाचेल. या डोळ्याने मात्र दिसणार नाही."

"त्या धाकट्याला आजच्या आज घराबाहेर काढतो."

माझ्या बोटाला पट्टी बांधता बांधता तिने विचारलं, "काका, खायला कसं घालता त्यांना?" मी सगळं सांगितलं. छाती काढून सांगितलं.

"आणि तुम्ही मध्ये नसताना धाकटा पुढे आला, तर थोरला काय करायचा?"

"बाजूला व्हायचा. तेच तर म्हणतोय मी!"

"मग त्यांचं केव्हाच ठरलं होतं, काका. थोरल्याने जागा सोडली होती, भांडण मिटलं होतं. तुम्ही त्याला रोज उचलून परत भांडणात नेऊन बसवत होता."

मग तिने त्या प्लायच्या घराचं विचारलं. दार एकच ठेवलं होतं का?

"आमच्या खोलीलाही एकच आहे," मी तडकून म्हटलं. "तीन पिढ्या राहिल्या."

"आणि घरात वाजलं की तुम्ही कुठे जाता?"

कुठे जाणार? गॅलरीत. बापाशी वाजलं की मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो, माझ्याशी वाजलं की मुलगा जाऊन उभा राहतो. अर्ध्या तासाने आत आलं की चहा मिळतो. थोरल्याला जायला मी कुठे जागाच ठेवली नव्हती.

संध्याकाळी सुनेला सांगितलं. ती "मी म्हणत होते ना" म्हणाली असती तर मी भांडलो तरी असतो. थोरल्याला मांडीवर घेऊन बसली आणि रडली. तेच मला जास्त झोंबलं.

तीन आठवडे दोघांना मध्ये जाळी घालून वेगळं ठेवलं. सुनेने कॉटखालच्या ट्रंका माळ्यावर टाकल्या आणि पिंजऱ्याची जागा दुप्पट केली. दोन वाट्या, दोन पाण्याच्या बाटल्या, गवताचे दोन ढीग. मी करवत घेऊन त्या घराला मागून दुसरं दार कापलं. शेजारी डोकावून विचारत होता, काय काका, काय बनवताय. त्याच्यावरही खेकसलो.

मग जाळी काढली. डॉक्टरिणीने बजावून ठेवलं होतं, वाटी आधी धाकट्याची ठेवायची. माझ्याने होईना. सून चपला घालून दारात थांबली, तिला उशीर होत होता, तरी थांबली. शेवटी दात-ओठ खात ठेवली. मला वाटलं, थोरला आता कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवणार. अन्नाला तोंड लावणार नाही. मी नसतं लावलं.

त्याने जांभई दिली. आपल्या वाटीकडे गेला आणि शांतपणे खायला लागला, अगदी शेवटच्या काडीपर्यंत. कित्येक महिन्यांत त्याने असं खाल्लंच नव्हतं. खाऊन झाल्यावर धाकट्याच्या अंगाला टेकून पसरला.

"अरे, डोळा गेला तुझा!" मी ओरडलो. "काही वाटतं की नाही?"

"बाबा," सून म्हणाली, "त्याला काहीच नको होतं हो." आणि गेली ऑफिसला.

औषधाची वेळ झाली होती. मी पिंजऱ्यात हात घातला. रोज त्याला उचलून वाटीपुढे बसवायचो तोच हात. मांडीवर घेतला, त्या डोळ्यात दोन थेंब सोडले. तो मुकाट बसला, आणि थेंब सोडून होतात न होतात तोच माझा हात चाटायला लागला.

"चाटू नको," मी म्हटलं. तो चाटतच राहिला. "चाटू नको म्हणतो ना, मेल्या!"