छत्रात रांधलेला मऊ भात

मंडळी, हे कार्ड तंजावरच्या घरी सगळ्यांना वाचून दाखवा. दुपारपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

आईला वैद्यांना दाखवायला कुंभकोणमला आणलंय. यात्रेकरूंच्या छत्रात खोली घेऊन उतरलोय. ती परक्या हातचं खात नाही, म्हणून आज जन्मात पहिल्यांदा मी चूल पेटवली. कावेरीत बुडी मारून ओल्या सोवळ्यानंच तीन दगडांवर मऊ भात शिजवला. धुराने डोळ्यांचं पाणी खळेना.

पातेलं घेऊन येताना पायरीवर घसरलो. आम्हाला जटक्यातून घेऊन आलेला गाडीवान घोडा सोडत होता, त्याने धावत येऊन दंडाला धरून सावरलं. भात वाचला, पण सोवळं मोडलं. आईने ते समोरून पाहिलं.

वहिनीचा नुसता पदर लागला म्हणून आईने अख्खं पातेलं गाईला घातलं होतं, आठवतंय ना? मी पुन्हा बुडी मारायला नदीकडे निघालो.

"कुठे चाललास?" ती म्हणाली. "वाढ."

चार घास जेवली. मीठ घालायचं राहिलं होतं, त्यावरही काही बोलली नाही.

वैद्य म्हणतात, घाबरायचं कारण नाही. पण ते तिला कालपासून ओळखतात. तुम्ही तिच्या धाकात वाढलात. तुम्हीच सांगा, मी घाबरू का?