भाजावळीवरचं पहिलं प्रकरण

मुंबईच्या कॉलेजातल्या माझ्या प्राध्यापकांनी बजावलं होतं, "तुमचं मत नंतर. आजवर कोणी काय लिहिलंय ते सगळं वाचा आणि पहिल्या प्रकरणात मांडा." विषय भाजावळ. भात पेरण्याआधी रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून जमीन जाळतात, ती. प्रबंध मंजूर झाला तर कॉलेजात नोकरी मिळणार होती. तोवर मी रत्नागिरीत शाळामास्तर होतो आणि स्वतःचं मत नसण्याची मला सवय होती.

पुस्तकं मुंबईहून आगबोटीने आली. पावसाळ्यात आगबोटी बंद व्हायच्या आत ती प्रकरणासकट परत जायला हवी होती. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर मी टिपणं काढली, एका पत्रिकेवर एक पुस्तक. सहा ग्रंथकार झाले. सहाही जण म्हणत होते, कोकणी शेतकरी गावदेवाला संतुष्ट करण्यासाठी जमीन भाजतो. आमच्या घरात आमटीतल्या मिठावरही एवढं एकमत कधी झालं नव्हतं. मी खूश झालो.

पण सहाव्याने पाचव्याचा हवाला दिला होता, पाचव्याने चौथ्याचा. असं मागे जाता जाता मी सगळ्यात जुन्या, एका साहेबाच्या पुस्तकाशी पोचलो. त्यात तळटीप होती: गुहागरकडच्या एका जाणत्या कारकुनाने सांगितले.

हेच पुस्तक आमच्या देवघरात लाल फडक्यात बांधलेलं होतं. जाणता कारकून म्हणजे तेव्हा गुहागरच्या कचेरीत असलेले माझे वडील. आपलं बोलणं छापून आलंय, हे ते प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी सांगत; फडकं सोडून ते बोलणं काय, हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

"हे तुम्हांला कोणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"कोण सांगणार? साहेबानं विचारलंन, जमीन जाळता कशास? मी कचेरीतला माणूस, नांगर कधी धरला होता? पण ठाऊक नाही असं साहेबाला कसं सांगायचं? म्हटलं, देवासाठी. देव म्हटलं की साहेब पुढं विचारीत नसे."

मग मी शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं. "तण मरतंय, आनि राखेनं रोप जोर धरतंय," तो म्हणाला. "ह्ये तुमच्या पुस्तकांत नाय?"

एवढी मोठी चूक सापडल्यावर प्राध्यापक खूश होणार, हे उघड होतं. पण वडिलांची जन्मातली एकच छापील ओळ मीच खोटी पाडायची होती. मला फार वाईट वाटलं. तरी लिहिलं: माहितगारास शेतीचा अनुभव नव्हता.

आगबोटीच्या दिवशी सकाळी वडिलांनी प्रकरण मागून घेतलं. कचेरीतल्या इंग्रजीवर त्यांनी ते सावकाश वाचलं.

"बरोबर लिहिलंस," ते म्हणाले. "खरं कारण मला पुढच्याच वर्षी कळलं होतं. मागाहूनच्या पाचांपैकी एकानं जरी विचारलंन असतं, तरी सांगितलं असतं. मी इथंच तर होतो."

दोन महिने मी त्यांच्या शेजारच्या खोलीत बसून वाचत होतो. मीसुद्धा तळटीप सापडेपर्यंत विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

पुस्तकांच्या गठ्ठ्यात प्रकरण बांधण्याआधी मी त्याच्या शेवटी एक ओळ वाढवली: हा माहितगार हयात असून त्याला पुन्हा कोणीही विचारले नाही. प्राध्यापकांनी ती खोडली नाही. प्रबंध मंजूर झाला. त्याची प्रत वडिलांनी साहेबाच्या पुस्तकावर ठेवली आणि दोन्ही त्याच लाल फडक्यात बांधली.