जावयाचा वाटा

कबदेशचा उजवा खांदा ट्रॅक्टरखाली सापडला, तेव्हापासून तो हात छातीच्या वर फार वेळ राहत नसे. चहासुद्धा तो मान खाली घालून, तोंड प्याल्यापाशी नेऊन प्यायचा. असा माणूस त्या नोव्हेंबरात कराशोकी गावामागच्या टेकाडावर कुदळ मारत होता आणि अख्खं गाव खिडकीतून बघत होतं. बघण्यासारखं दुसरं होतं काय? सरकारी शेत मोडीत निघालं होतं, वीज आली तर आली, आणि पेन्शनची वाट बघणं लोकांनी केव्हाच सोडलं होतं.

झालं होतं असं की पहिली कडक थंडी पडताच गावाने हिवाळ्याची बेगमी म्हणून घोडी कापली. कबदेशनेही आपली एकुलती घोडी कापली. मीठ लावलं, बरगड्यांचं मांस आतड्यांत भरून काझी बांधल्या आणि सगळं पडवीत टांगलं. पुढचं काम थंडीचं. पण थंडीने दगा दिला. दक्षिणेकडून कोमट वारा सुटला, छपरं गळायला लागली, अंगणाचा राडा झाला, आणि एका सकाळी ओरिनशा, त्याची बायको, पडवीतून नाकाला डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावून बाहेर आली.

"अहो, वास मारायला लागलंय."

"छातीला?"

"छातीला अजून नाही. पण आज ना उद्या लागेलच ना."

कबदेश मटकन पायरीवर बसला. हिवाळाभर काय खायचं याची काळजी त्याला होतीच, पण पोट माणूस कसंही मारतो. छातीचा तुकडा त्याचा नव्हता. तो जावयाचा. जावई पहिल्यांदा घरी आला की त्याच्यापुढे छाती ठेवायची. ठेवली तर तो आपला, नाही ठेवली तर कोण कुठला वाटसरू. त्याची मुलगी राबिगा तीन वर्षांपूर्वी झायसान तळ्यापलीकडच्या एका पोराबरोबर पळून गेली. त्याच्याकडची माणसं माफी मागायला आली तेव्हा कबदेशने दार उघडलं नाही. लग्नाला गेला नाही, ओरिनशालाही जाऊ दिलं नाही. जावयाचं नाव मादियार, एवढंच दोघांना ठाऊक. या शरदात मात्र त्याचं मन पाघळलं. त्याने एका ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला : रस्ता गोठला की या, छाती राखून ठेवतो. आणि आता ती छाती नासत होती.

म्हणून ही कुदळ. मांस वाचवायचं तर धुरी द्यायला हवी होती. सरकारी शेतातली धुरीची खोली तिच्या लोखंडी दारासकट कोणीतरी भंगारात विकून खाल्ली होती. दुसरं मांस विकत घ्यायला खिशात दमडी नव्हती. मग त्याने कोंबड्यांचे दाणे ठेवायचा मोडका फ्रिज रिकामा केला, आतलं प्लास्टिक ओरबाडून काढलं, वर पत्र्याचं नळकांडं बसवलं आणि फ्रिजखालीच जाळ केला. चरबी ठिबकली, भडका उडाला, आणि सगळ्यात जाडजूड काझी कोळसा होऊन खाली पडली.

तोक्सेयित हा त्याचा कुरदास, म्हणजे बरोबरीच्या वयाचा, ज्याला काहीही बोलायची मुभा असते असा. तो कुंपणावर रेलून मजा बघत होता.

"सगळे फ्रिज थंड करायला ठेवतात. तुझं डोकंच उलटं."

"तुझं मांस कुठंय?"

"कुत्र्यांना घातलं," तोक्सेयित म्हणाला. मग त्याने बॉयलरखोलीच्या ढिगाऱ्यातून विटा आणून टाकल्या आणि निघून गेला.

दुसऱ्या खेपेला कबदेशने डोकं चालवलं. जाळ टेकाडाच्या पायथ्याशी, विटांच्या खड्ड्यात. तिथून वरपर्यंत चर, त्यावर जुने पत्रे, पत्र्यांवर माती. फ्रिज वर, म्हणजे धूर चढता चढता गार होऊन पोचेल. तो डाव्या हाताने खणत होता, उजव्याने नुसता दांडा धरत होता, आणि देवाला, वाऱ्याला आणि स्वतःच्या खांद्याला आळीपाळीने शिव्या घालत होता. चर जमला. धूर काही जमेना. कारण धुरीला लागते तोबिलगी, डोंगरातलं ते लालसर खोडाचं झुडूप, आणि वितळलेल्या बर्फात ती भिजून चिंब झालेली. ओली फांदी नुसती फुसफुसायची आणि कडू वाफ सोडायची. इकडे ओरिनशा रोज पडवीतून एकेक तुकडा काढून लांब फेकून येत होती. शेवटी छाती तेवढी उरली, आणि तिच्याही कडा चिकट व्हायला लागल्या.

कबदेश घरात गेला. भिंतीवर चाबूक टांगलेले होते. त्याचा, त्याच्या बापाचा, आज्याचा. तिन्हींच्या मुठी तोबिलगीच्या, पिढ्यान्‌पिढ्या हाताळून गुळगुळीत झालेल्या आणि कडकडीत वाळलेल्या. त्याने वाद्या कापल्या आणि मुठी कुऱ्हाडीखाली धरल्या.

"सासऱ्यांचा चाबूक तो," ओरिनशा म्हणाली.

"घोडी राहिली नाही, चाबूक काय तुझ्यावर चालवू?" तो खेकसला, आणि मग त्याला रडू आलं. तिने तोंड फिरवलं, म्हणजे त्याला रडता यावं.

मुठी धुमसल्या. तो गोडसर, जुना वास टेकाडभर पसरला. ओल्या फांद्या आता त्या निखाऱ्यांवर वाळून जळू लागल्या. कबदेश तिथून हलला नाही, झोपलाही तिथेच. छाती हळूहळू तांबूस झाली, कडा सुकल्या, बोटाने दाबली तर घट्ट लागली. जाळ अधूनमधून जास्त झाल्याने ती अर्धी शिजलीही होती. असू दे. वाचली होती.

दुपारी एक तरुण अंगणात आला. गुडघ्यापर्यंत चिखल.

"अक्सकाल," त्याने वडीलधाऱ्यांना मारतात तशी हाक मारली, "ओढ्यापाशी ट्रक रुतलाय. फावडं मिळेल?"

दारातल्या माणसाला तोंडात काही घातल्याशिवाय परत पाठवत नाहीत, तेव्हा ओरिनशाने त्याला आत बोलावलं. तिने दोनदा वर, मानाच्या जागी बसायला सांगितलं, तरी तो दाराशीच बसला. ती नवऱ्याकडे बघू लागली. पाहुणा आला, घरात मांस आहे, तर पातेलं चढवायला हवं. कबदेशला तिची नजर कळली. एकच तुकडा होता, आणि तो याचा नव्हता.

"माफ कर बाबा," तो म्हणाला. "या उबेने सगळं नासलं. घरात मांसाचा कणसुद्धा नाही."

तरुणाने मान हलवली. "धुराचा वास मात्र झकास येतोय. तोबिलगी ना?"

"कुमिसाची पखाल धुरावतोय."

"नोव्हेंबरात?" कुमिस म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, आणि ते उन्हाळ्यातच होतं.

"जुनी आहे. वास मारते."

"असं होय," तरुण म्हणाला. त्याने रोटी मोडून खाल्ली, चहा प्यायला, आशीर्वाद मागितला आणि फावडं घेऊन गेला.

ओरिनशा प्याले उचलत होती, ती मध्येच थांबली.

"त्याचे हातमोजे बघितलेत?"

"हातमोज्यांचं काय?"

"मनगटावर लाल धाग्याची वेणी होती. शेवटचं टोक उलटं खोवलेलं. राबिगाला ते मी शिकवलंय, दुसरं कुणी तसं खोवत नाही." "आणि दाराशी बसला तो. पहिल्यांदा सासरी आलेला जावई बसतो तसा."

कबदेश उठून टेकाडावर गेला. त्याने फ्रिजचं दार उघडलं, छाती आकड्यावरून ओढली, डाव्या काखेत मारली आणि उतारावरून धावत सुटला. दोनदा पडला. छाती सोडली नाही.

ट्रक अजून तिथेच होता. मादियार चाकाखालचा चिखल उपसत होता. वर, ड्रायव्हरशेजारच्या जागेवर राबिगा बसली होती. तिने काच खाली केली.

"मीच म्हटलं याला, आधी तू एकटा जा, बाबांचा रागरंग बघून ये," ती म्हणाली. "मांस नाही म्हणे घरात. पखाल धुरावताय म्हणे."

शरमेने कबदेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निरोप, घोडी, चाबूक, सगळं सांगायचं तसंच राहिलं. त्याने छाती ट्रकच्या पुढच्या पत्र्यावर ठेवली, सुरी काढली, आतला मऊ तुकडा कापला. वडीलधारा माणूस आपल्या हाताने भरवतो तो उजव्या हाताने. डाव्याने भरवणं म्हणजे अपमान. त्याने उजवा हात उचलला. पोरगा उंच होता. हात खांद्याच्या वर न्यावा लागला आणि लगेच खाली यायला लागला.

मादियारने तोंड उघडलं नाही. तो बायकोकडे बघत राहिला.

राबिगा बापाच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती त्या खांद्याकडे बघत होती.

"खा लवकर," ती म्हणाली. "तो हात त्यांचा फार वेळ वर राहत नाही."