जुलाबाचे दोन पॉइंट

धामणकर नाक्यावर माझा दवाखाना. मागे कापड विणणाऱ्या लूमची खडखड, पुढे रिक्षांचे भोंगे. रुग्णाच्या छातीपेक्षा लूमच जास्त ऐकू यायचे. तिथे मी चांगला जम बसवल्यावर नियम आला की डॉक्टरांनी शिकत राहायचं. शिकल्याचे पॉइंट जमवायचे, नाहीतर रजिस्ट्रेशन पुढे चालू होणार नाही, म्हणजे दवाखान्याला कुलूप. नियम चांगलाच होता हो! पण तो आमच्या हाती पडला.

आमच्याकडे शिकणं म्हणजे कोन गावाजवळच्या हॉलमध्ये जेवण. आल्यावर एक सही, जाताना एक सही, मधे पनीर. मी नाक मुरडून दांड्या मारल्या आणि मुदत तोंडावर आली तेव्हा नेमके दोन पॉइंट कमी पडले. बायको म्हणाली, "सगळे जेवून डॉक्टर राहिले, तुम्ही उपाशी राहून घरी बसा."

तेवढ्यात एक सोय निघाली. मुलांच्या जुलाबांवर उपचार कसे करावेत, याची मार्गदर्शक पुस्तिका वाचायची, मागच्या वीस प्रश्नांवर खुणा करायच्या आणि "मी ही पुस्तिका पूर्ण वाचली आहे" याखाली सही ठोकायची. वीसही बरोबर आले की दोन पॉइंट. पुस्तिका वाटायला औषध कंपनीचा माणूस आला आणि सोबत उत्तरांचा कागदही देऊन गेला. "सर, टेन्शन मत लो, सब यही लिख रहे हैं."

माझं डोकंच फिरलं. कागद भिरकावला आणि रविवारी बसून पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. खरं सांगतो, लाज वाटली. पोरांच्या साध्या पातळ जुलाबांना अँटिबायोटिक लागत नाही. ओआरएस, झिंक आणि आईचं दूध पुरतं. हे कॉलेजात शिकलो होतो की! पण "डॉक्टरसाब, कुछ स्ट्राँग दो" ऐकून ऐकून वर्षानुवर्षं बाटल्या लिहीत होतो. सगळी उत्तरं माझी मी लिहिली.

चार दिवसांनी आमच्या संघटनेच्या सेक्रेटरींचा फोन. वयाने मोठे डॉक्टर, पेपर तपासणारेही तेच. "अहो, तुमचा एकट्याचाच सातवा प्रश्न चुकलाय."

सातवा प्रश्न अँटिबायोटिकचाच, साध्या जुलाबांना द्यावं का? मी 'नाही'वर खूण केली होती. मी पुस्तिका घेऊन तडक त्यांच्याकडे गेलो, पान उघडून समोर धरलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, मान डोलावली. "तुमचं बरोबर आहे."

"मग?"

"मग काय? उत्तरं कंपनीच्या माणसाने काढलीत, त्यांचं अँटिबायोटिक सिरप आहे ना बाजारात. साठ जणांनी तेच लिहिलंय. तुम्हाला बरोबर धरलं तर साठ जण नापास. त्यात मीही आलो."

मी भांड भांड भांडलो. पोरांच्या जिवाशी खेळताय म्हणालो, लाज वाटत नाही का म्हणालो. त्यांनी चहा मागवला, मला बोलू दिलं आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. मुदतीला दोन दिवस उरले होते. त्यांनी नवा फॉर्म पुढे सरकवला.

सातव्या प्रश्नासमोर मी खूण केली: होय, अँटिबायोटिक द्यावं. खाली सही केली.

बाकीच्या साठ जणांनी ते न वाचता लिहिलं होतं. मी वाचून लिहिलं.