मामांच्या रानातलं एकुलतं एक लग्न

उभ्या बुलढाणा जिल्ह्यात माणसांवाचून ज्याचं काडीइतकंही अडत नाही असा एकच गृहस्थ असेल, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा मामेसासरा निघाला. साखरखेर्ड्यापासून थोड्या अंतरावर मामांची सात एकर बरड आहे. वाटणीच्या वेळी भावांनी मोठ्या मनाने ती मामांना देऊन टाकली, कारण तिच्यात दगडांशिवाय काही पिकत नव्हतं. मामा तेव्हा देऊळगाव राजाच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. त्यांनी बरडीला काटेरी कुंपण घातलं, चराई आणि कुऱ्हाड दोन्ही बंद केली आणि पुढची वीस-बावीस वर्षं काहीही केलं नाही. काहीही न करण्यासाठी एवढी मेहनत घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पळस आले, बोरी आल्या, हिवर आला, धावडा आला, आणि त्यांच्या मागोमाग रोही म्हणजे नीलगाई, ससे, मोर, मुंगसं, तितर, सायाळ असा सगळा गोतावळा न बोलावता येऊन राहिला. न बोलावता आलेल्यांचं मामांना फार अगत्य. बोलावून आलेल्यांची गोष्ट वेगळी, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत कळलं.

नवा जावई म्हणून मी खामगावहून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आणि मनगटांना अत्तर चोळून गेलो होतो. टॉवेल-टोपी, निदान पुरणपोळी, एवढीच माझी माफक अपेक्षा. मामांनी मला फाटकातच हुंगलं. "जावईबापू, हा वास घेऊन आत जासान तं कोल्हा चार दिवस इकडं फिरकनार नाही," असं म्हणून त्यांनी मला विहिरीवर नेलं, माझे हात राखेने घासून घेतले आणि अंगात स्वतःचा मातकट सदरा चढवला. मग बोरीच्या जाळीमागे मला दोन तास बसवून ठेवलं. समोरच्या बिळातून म्हणे घोरपड बाहेर येणार होती. घोरपड आली नाही, मला शिंक मात्र आली. त्या शिंकेचा विषय आजही आमच्या सासुरवाडीत एखाद्या मयतासारखा हलक्या आवाजात निघतो. पुरणपोळी मिळाली, पण तीही कुजबुजत वाढली गेली.

मामा नोकरीतून निवृत्त झाले, पण मामांमधला कंट्रोलर काही निवृत्त झाला नाही. ओसरीवर एक जाड वही असते. तिच्यात 'मोर, पाच पन्नास, दहा मिनिटं उशिरा' अशा नोंदी असतात. रोह्यांचा कळप पाण्यावर वेळेत आला तर मामांचा चेहरा असा खुलतो, जणू तो त्यांनीच सोडला आहे. घरात कुकरला बंदी आहे, कारण शिटीने तितर दचकतात. मामी गेली कित्येक वर्षं पातेल्यात वरण शिजवते आहे. एकदा मी तिची बाजू घेऊन काही बोलायला गेलो, तर मामा तितरांविषयी अगदी मृदू आवाजात मला समजावत बसले. मामी चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "मायासंग जल्मात कई एवढं हळू बोलले नाहीत हे."

शिकारी लोकांशी मात्र ते भांडत नाहीत. हे मी आधी नुसतं ऐकून होतो, पुढे डोळ्यांनी पाहिलं. शेजारच्या गावचा एकजण जाळं घेऊन सशांसाठी आला होता. मामांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि रानातल्या सशांची वंशावळ सांगायला घेतली. कोणती सशीण कुठली, तिची मागची वीण किती, त्यातली किती जगली, कोणत्या पिलाचा कान कुंपणात फाटला. दुपार टळली तरी मामा दुसऱ्या पिढीवरच होते. तो बिचारा जाळं तिथेच विसरून पळाला आणि आता मामा दिसले की रस्ता बदलतो. पोलीस तक्रारीपेक्षा हा मार्ग कितीतरी क्रूर आहे असं माझं मत आहे.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीने हट्ट धरला की तिचं लग्न आपल्या रानातच व्हावं. ती संभाजीनगरला दवाखान्यात नर्स आहे. या रानातच लहानाची मोठी झालेली, स्वभावाने बापासारखीच अडेल. ज्याला एक जावई सोसवत नव्हता त्याला तीनशे वऱ्हाडी आत घ्यायचे होते. मामांनी दोन दिवस विचार करून होकार दिला आणि पत्रिकेत खाली छापलं: 'बँड, फटाके नाहीत. अत्तर लावू नये. कपडे शक्यतो मातकट. शांतता हाच आहेर.' ही तळटीप चुकून कुठल्यातरी शोकसभेची आली असावी, असं देऊळगाव राजाच्या व्याह्यांना वाटलं. लग्न बौद्ध पद्धतीचं, म्हणून नवरा-नवरीच्या पांढऱ्या वस्त्रांना तेवढी सूट होती. बगळेही पांढरेच असतात, असं कारण मामांनी दिलं.

लग्नाला बारा दिवस राहिले आणि टिटवीने अंडी घातली. सात एकरांत तिला जागा कुठली आवडावी, तर जुन्या खळ्याची! झाड न तोडता मांडव घालता येईल अशी अख्ख्या रानात तेवढीच एक रुंद, सपाट जागा होती. तिच्या बरोब्बर मधोमध, दगडांत दगडांसारखीच दिसणारी चार अंडी. मामांनी घरात कुणालाही न विचारता व्याह्यांना फोन लावला आणि लग्न तीन आठवडे पुढे ढकला म्हणाले. दुसऱ्याच दिवशी व्याही आणि विहीणबाई जीप करून हजर झाले.

"चार अंड्यांपायी तारीख हलवाची? लोकं तोंडात शेन घालतीन आमच्या!" व्याही कडाडले.

"भाऊ, मांडवात पंचशीलातलं पयलं शील कोनतं म्हनाचं आपल्याले?" मामा शांतपणे म्हणाले. "जीव घेनार नाही, असंच ना? मंग ते म्हनासाठी मांडव अंड्यांवर घालाचा काय?"

"हे पाहा, तारीख हलली तं लगन मोडलं समजा," व्याही म्हणाले आणि उठून उभे राहिले.

लग्नाच्या कामासाठी मीही येऊन राहिलो होतो, आणि अशा वेळी गप्प राहणं मला जमत नाही. "मामा, पत्रिकेत निमंत्रक म्हणून टिटवीचं नाव घालायचं राहिलं बघा," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. दारात रजेवर आलेली लेक उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "धाव्वीत माहा पयला नंबर आला, तवा शाळेत सत्कार व्हता. तुमी आले नाही. मुंगसाले पिल्लं झाली व्हती. मी कई काही म्हटलं काय? एक डाव तरी माह्यासाठी काही हलवा ना."

मामांनी हातातली वही मिटून बाजूला ठेवली. आणि खरं सांगतो, मला माझ्या विनोदाची लाज वाटली. व्याही उद्यापर्यंत काय ते कळवा म्हणून निघून गेले.

सकाळी मी खळ्यावर गेलो तर मामा अंड्यांजवळ उकिडवे बसलेले. शेजारी टोपली, तिच्यात वाळकं गवत. टिटवी त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत जिवाच्या आकांताने ओरडत होती. "उचलतो, जावईबापू," ते म्हणाले. "पोरीचं बराबर हाये. टिटवी काय, पुढच्या साली पुन्हा घालीन." हात मात्र अंड्यांच्या वीतभर वर थांबला होता. इतकी वर्षं ज्या माणसाची मी टिंगल केली, त्याचा तो हात धरावासा वाटला मला.

मागून लेक आली. किती वेळ पाहत होती कोण जाणे. "ठेवा ते टोपली," ती म्हणाली. "तुमी उचलाले तयार झाले, तेवढ्यानं माहं भागलं. मांडव बैलगाडीच्या वाटेवर घालू."

"बाई वं, पाच-सात फूट रुंद हाये ते वाट!"

"लांब तं हाये ना?"

असा मांडव मी पुन्हा पाहणार नाही. दोन्ही बाजूंना झाडं आणि मध्ये पाहुण्यांची लांबच लांब रांग. शेवटी बसलेल्यांना लग्न लागल्याचं थेट बुंदी आल्यावर कळलं. खळ्याकडून टिटवी मध्येच किंचाळायची, लग्न लावणारे बौद्धाचार्य थांबायचे, मग पुन्हा सुरू करायचे. पहिलं शील तीनशे तोंडांतून निघालं तेव्हा झाडून सगळ्यांनी खळ्याकडे पाहिलं. तोंड फुगवून बसलेल्या व्याह्यांनीसुद्धा. इतक्यात फोटोवाला चांगला उजेड शोधत तिकडे सरकला. त्याला पहिली ओरडली ती विहीणबाई: "ए बाबू, मांगं सर! बाळंतीन बसली हाये तेथं!"

ऊन उतरल्यावर लेक सासरी निघाली. मामी मोकळेपणी रडली, आम्ही सगळेच रडलो. मामांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, जीप वळेपर्यंत पाहिलं आणि खळ्याकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. टिटवी अंड्यांवर परत येऊन बसली होती. मामा लांबच पळसाखाली बसले.

"पंधरा दिवसांत पिल्लं निंगतीन," ते म्हणाले. "अन् निंगले का त्याच दिवशी चालाले लागते. टिटवीचं लेकरू घरट्यात रायत नाही."

मग त्यांनी दुपट्टा तोंडाला लावला आणि ते रडले, अगदी आवाज न करता. मी उगाच उठायला लागलो तर त्यांनी माझा हात ओढून मला खाली बसवलं.

"बसा, जावईबापू. उठसान तं टिटवीही उडून जाईन. आजच्या दिवस घरात कोनी तं असू द्या."