अण्णांची बोटं

“स्वल्प तापू द्या की, साहेब!”

बंगळूरच्या रेडिओ कारखान्यात माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं मराठी वाक्य. मी पुण्याहून आलेला नवाकोरा इंजिनियर. पहिल्याच दिवशी एक सेट लावला, आवाज येईना, म्हणून तोऱ्यात जाहीर केलं, “बंद आहे.” शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी मान वर न करता मला थोपवलं. अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्हच्या, म्हणजे आतल्या काचेच्या नळीच्या, पोटातली तार लाल झाली आणि सेट खणखणीत गाऊ लागला. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. कित्येक पिढ्या बंगळुरात मुरलेलं मराठी घराणं. काळी टोपी, खिशात पेन्सिल, रोज यशवंतपुराहून सायकल. चालू सेटमधल्या प्रत्येक व्हॉल्व्हला ते पेन्सिलीच्या रबरानं हलकेच टिचकी मारत आणि डोळे मिटून ऐकत. “सरी,” म्हणाले की माल पास. “हा खोकतोय,” म्हणाले की बाद. मीटरला न सापडलेला दोष त्यांच्या कानाला सापडे. त्या पेन्सिलीपुढे माझी पदवी फिकी पडायची आणि खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटत नसे.

मग ट्रान्झिस्टर आले. शेंगदाण्याएवढा जीव आणि त्याला उष्णतेचं वावडं. सोल्डर करताना जरा जास्त तापला की मेला. वरून हुकूम निघाला, व्हॉल्व्हचा विभाग आवरता घ्यायचा. सोल्डरिंगची परीक्षा पास होतील ते नव्या विभागात, बाकीचे गोदामात खोकी मोजायला. परीक्षा घ्यायची होती मी.

अण्णांनी पहिल्याच दिवशी तीन ट्रान्झिस्टर जाळले. व्हॉल्व्हच्या जाड जोडण्या नीट तापवायची हाताला सवय, तो लवकर उचलेचना. आजूबाजूचे लोक उगाच खिडकीबाहेर बघू लागले. मला राहवेना. मी हळूच म्हणालो, “अण्णा, मी पास लिहून टाकतो.”

त्यांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. “मग मी खोकणारा व्हॉल्व्हही पास करायचा काय? आठ दिवस द्या.”

ट्रान्झिस्टरची तार चिमट्यानं धरावी, असं पुस्तकात होतं. अण्णांनी चिमटा बाजूला ठेवला. “तो बोलत नाही की!” जळका ट्रान्झिस्टर घेऊन त्याची तार ते उघड्या बोटांत धरत आणि दुसऱ्या टोकाला सोल्डरिंग आयर्न लावून मोजत, “ओंदु, एरडु...” कानडीत एक, दोन. “मला चटका बसला म्हणजे त्यालाही बसला.” जेवणाच्या सुट्टीतही हेच. अंगठा आणि तर्जनी फोडांनी भरली. मी मलम आणलं, ते त्यांनी रविवारी लावलं.

आठव्या दिवशी दहा ट्रान्झिस्टर लावले, दहाही जिवंत. मी पास लिहिलं. पुढे नव्या विभागातल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलं. तमिळ असो, मल्याळी असो, जो तो “ओंदु, एरडु” म्हणत हात उचलू लागला.

निवृत्तीच्या दिवशी आम्ही त्यांना आम्हीच बनवलेला छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ दिला. बटण फिरवताच तो गाऊ लागला. अण्णा दचकले. “अरे, तापलाच नाही की अजून!” आम्ही पोट धरून हसलो, तेही हसले. मग कॉफी आली. वाफाळता पेला त्यांनी दोन बोटांत सहज धरला आणि घोट घेताच जीभ भाजली.

“कळत नाही हो आता,” बोटांकडे बघत ते म्हणाले. तक्रार अशी नव्हतीच.

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. मी बाकी सगळं मराठीत मोजतो. सोल्डरिंग आयर्न हातात आलं की मात्र तोंडून आपसूक येतं, “ओंदु, एरडु,” आणि हात वेळेवर उचलला जातो.